बहिरा कोण? (एक इटालियन विनोदी ऑपेरा पैठणच्या शाळेत बसवताना)



आजचा पाठ जरा वेगळा आहे. नववीच्या वर्गाला 'संगीत नाटक' शिकवताना एका मुलानं विचारलं, "मॅडम, मुंबईत ऑपेरा हाऊस नावाचा बसथांबा आहे. ऑपेरा म्हणजे काय असतं?" उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण स्नेहसंमेलन जवळ आलं होतं, नाटुकलं ठरायचं होतं, आणि मी म्हणून बसले, "चला, या वर्षी ऑपेराच बसवू." पुढचे दीड महिने काय झालं, माझं कुठं चुकलं आणि ते कुणी सुधारलं, ते या पाठात सांगते. आधी थोडी माहिती घेऊ, मग तालमीकडे वळू.

ऑपेरा म्हणजे काय?

ऑपेरा म्हणजे गाऊन केलेलं नाटक. आपल्या संगीत नाटकात पात्रं गद्य बोलतात आणि मध्ये पदं म्हणतात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या 'शाकुंतल'पासून आपण हेच पाहत आलो. इटालियन ऑपेरात मात्र साधं बोलणंही सुरात असतं. 'दिवा लाव' म्हणायचं तरी सुरात म्हणायचं! या सुरातल्या बोलण्याला 'रेचिटाटिव्ह' म्हणतात. कीर्तनकार निरूपण करता करता सुरात शिरतात आणि पुन्हा बोलण्यावर येतात, तसं काहीसं. पात्राचं मन मोकळं करणारं एकट्याचं गाणं म्हणजे 'आरिया'. आणि चार-सहा पात्रं एकाच वेळी आपापलं वेगळं म्हणणं गातात, ते समूहगान. विनोदी ऑपेराची खरी गंमत या समूहगानात असते.

इटलीत नेपल्स शहरात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विनोदी ऑपेरा बहरला. त्याला 'ऑपेरा बुफ्फा' म्हणतात. गंभीर ऑपेरात देव, राजे, वीर असायचे. बुफ्फात आले शेठ, मोलकरीण, कारकून, लग्नाला टेकलेली म्हातारी मंडळी. पेर्गोलेसी या संगीतकाराचा १७३३ मधला 'ला सेर्वा पाद्रोना', म्हणजे 'मालकीण झालेली मोलकरीण', हा तर गंभीर ऑपेराच्या दोन अंकांमध्ये विसावा म्हणून केलेला छोटा खेळ होता. गाणारी पात्रं दोनच, आणि तिसरं मुकं! पुढे तो मूळ गंभीर ऑपेरा मागे पडला आणि हा मधला खेळच जगभर गाजला.

आम्ही निवडलेला खेळ

आम्ही निवडला 'इल मात्रिमोनिओ सेग्रेतो', म्हणजे 'गुप्त विवाह'. संगीतकार दोमेनिको चिमारोझा, लेखक जोव्हान्नी बेर्ताती. पहिला प्रयोग व्हिएन्नात ७ फेब्रुवारी १७९२ रोजी झाला. मोझार्टला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. असं सांगतात, की सम्राट दुसरा लिओपोल्ड इतका खूश झाला की त्यानं कलाकारांना जेवू घातलं आणि त्याच रात्री पूर्ण खेळ पुन्हा करायला लावला. एखाद्या गाण्याला 'वन्स मोअर' मिळतो हे आपण ऐकलंय, इथं अख्ख्या नाटकालाच मिळाला!

गोष्ट अशी. जेरोनिमो हा एक श्रीमंत व्यापारी. त्याला कमी ऐकू येतं. घरात दोन मुली, थोरली एलिझेत्ता आणि धाकटी कारोलीना, शिवाय त्याची विधवा बहीण फिदाल्मा. दुकानातला कारकून पाओलीनो आणि कारोलीना यांनी गुपचूप लग्न केलेलं आहे. शेठला हे कसं सांगायचं? पाओलीनोला युक्ती सुचते. थोरलीसाठी एक सरदार, काउंट रॉबिन्सन, आणायचा. मुलीला सरदार नवरा मिळाला की शेठ खूश होईल, त्या आनंदात आपलंही लग्न कबूल करेल.

पण काउंट येतो आणि त्याला आवडते धाकटी! तो म्हणतो, धाकटी द्या, मी ठरलेल्या लाखाच्या हुंड्यातला अर्धाच घेतो. शेठला पन्नास हजार वाचल्याचा आनंद. इकडे फिदाल्माचा जीव पाओलीनोवर जडलेला. दोघी मिळून कारोलीनाला मठात धाडायचं ठरवतात. शेवटी नवरा-बायको रात्री पळून जायला निघतात. एलिझेत्ताला खोलीतून कुजबुज ऐकू येते. तिला वाटतं, आत काउंटच आहे. ती घर जागं करते, आणि काउंट भलत्याच दारातून डोळे चोळत बाहेर येतो! गुपित फुटतं. शेठ भडकतो. मग काउंटच मधे पडतो, मी एलिझेत्ताशी लग्न करतो, यांना माफ करा म्हणतो, आणि सगळं गोड होतं.

हे आपल्याला परकं आहे का?

मुलं म्हणाली, "मॅडम, हे तर आपल्या जुन्या नाटकासारखंच आहे." बरोबर आहे, आणि त्याला कारणही आहे. 'गुप्त विवाह' हा ऑपेरा १७६६ मधल्या एका इंग्रजी नाटकावरून घेतला. ते नाटक लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात झालं होतं. त्याच नाट्यगृहात पाच वर्षं आधी, १७६१ मध्ये, आर्थर मर्फीचं 'ऑल इन द राँग' हे नाटक झालं होतं. मर्फीनं ते मोलिएरच्या फ्रेंच नाटकावरून रचलं होतं, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी मर्फीवरून मराठीत आणलं. तेच आपलं 'संशयकल्लोळ'! म्हणजे इटालियन जेरोनिमो आणि मराठी फाल्गुनराव हे लांबचे का होईना, नातेवाईक आहेत. दोघांच्याही घोटाळ्याचं मूळ एकच. अर्धवट ऐकायचं, अर्धवट पाहायचं आणि उरलेलं मनानं भरायचं.

मुंबईच्या ऑपेरा हाऊसशीही या खेळाचं नातं आहे. १९११ मध्ये उद्घाटन झालेलं ते नाट्यगृह १९९३ पासून बंद होतं. दुरुस्ती होऊन २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि २०१७ मध्ये तिथं 'गुप्त विवाह' झाला. त्यामागे होत्या पॅट्रिशिया रोझारियो. मूळ गोव्याच्या घराण्यातल्या, मुंबईत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये नाव कमावलेल्या या गायिकेनं भारतातल्या तरुण गायकांना ऑपेराचं शिक्षण दिलं.

पण खरं सांगू? आमच्या पोरांना ऑपेरा गाता येणार नव्हता. ऑपेराचे गायक माइकशिवाय, अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर आवाज नेतात. त्याला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. म्हणून आम्ही गोष्ट आणि बांधणी ठेवली, बोलणं मराठीत केलं आणि चाली आपल्या घेतल्या. याला ऑपेराचा प्रयोग म्हणता येत नाही, रूपांतर म्हणावं. विद्यार्थ्यांनी हा फरक वहीत लिहून ठेवावा.

माझी चूक

पहिल्या आठवड्यात तालीम जोरात झाली. जेरोनिमोचं काम करणारा मुलगा मोठा हुशार. कानामागे हात धरून, मान वाकडी करून "आँ? आँ?" करायचा, 'लगीन' म्हटलं की 'मशीन' ऐकायचा. वर्ग हसून लोटपोट. मीही हसले.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, कानाला यंत्र लावते. चौथ्या दिवसापासून ती तालमीला येईना. मला वाटलं, गाण्यात रस नसेल. मग एका मधल्या सुट्टीत पाहिलं. दोन-तीन मुलं तिच्यामागून "आँ? आँ?" करत जात होती. जेरोनिमोची नक्कल वर्गाबाहेर पडली होती आणि तिला घराबिरापर्यंत पोचवायचं काम मी केलं होतं.

मुलांना रागावले. पण रागावून झाल्यावर प्रश्न उरलाच. खेळात शेठ बहिरा आहे. तो बहिरेपणा काढला तर निम्मा विनोद जातो. ठेवला तर हसायचं कुणाला?

नाथांचा बहिरा

पैठणमध्ये अशा वेळी उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. मला आठवलं, संत एकनाथांचं 'बहिरा' नावाचं भारूड आहे. नाथ इथलेच. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, गोदावरीच्या काठी किती दिंड्या येतात ते तुम्ही पाहताच. नाथांनी भारुडात गावगाड्यातली सगळी सोंगं उभी केली. जोशी, वासुदेव, गोंधळी, कोल्हाटीण, विंचू चावलेला माणूस. अर्जदस्त, अभयपत्र अशी सरकारी कागदांच्या थाटातली भारुडंसुद्धा आहेत. आणि आंधळा, मुका, पांगळा, बहिरा हीही सोंगं आहेत. लोकांना हसवत जवळ बोलवायचं आणि शेवटी त्यांच्याच काळजाला हात घालायचा, ही नाथांची रीत.

'बहिरा' भारुडातला माणूस स्वतःच सांगतो, की कीर्तन ऐकलं नाही, पुराण ऐकलं नाही, म्हणून मी असा बहिरा झालो. मी उत्साहानं हे भारूड वर्गात वाचलं. त्या दिवशी त्या मुलीलाही आग्रहानं बसवलं होतं. वाचून झाल्यावर तिनं हात वर केला आणि विचारलं, "मग मॅडम, मी काय ऐकलं नव्हतं?"

वर्ग एकदम गप्प झाला. मला उत्तर सुचलं नाही. बावीस वर्षं शिकवतेय, पण तो तास मी "उद्या बोलू" म्हणून संपवला.

आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा भारूड करतात. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ऑपेराची गोष्ट सांगितली, मुलीचा प्रश्न सांगितला. आजोबांनी पहिलं विचारलं ते असं, "तुमचा त्यो शेठ कानानं बहिरा हाय का मनानं?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत आले. त्या मुलीसमोर बाकावर बसले, तिला दिसेल असं तोंड करून सावकाश बोलले. "बाळा, नाथांनी तुझ्या कानाचं नाही लिहिलं. ज्याचे कान धड आहेत आन् तरी ऐकत नाही, त्याचं लिहिलं. सोंग बहिऱ्याचं हाय, पण भारूड समोर बसलेल्याचं हाय. मी हे सोंग घेतो तवा समोरच्या धड कानाच्या माणसांकडं बघून म्हणतो."

मुलांनो, हा या पाठाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबू. भारूड हे रूपक असतं. विंचू म्हणजे खरा विंचू नव्हे, तो काम-क्रोधाचा विंचू. तसाच बहिरा म्हणजे कान गेलेला माणूस नव्हे. कुणाचं अपंगत्व म्हणजे त्याच्या पापाचं फळ, असा अर्थ या भारुडातून काढू नका. शब्दाला धरून बसलो आणि रूपक सोडलं, तर भारुडाच्या बाबतीत बहिरे आपणच ठरतो. शिक्षकांनीही लक्षात घ्यावं. रूपक आधी सांगावं, भारूड मग वाचावं. मी उलटं केलं होतं.

नव्यानं बसवलेला शेठ

मग आम्ही मुळाकडे पुन्हा पाहिलं. जेरोनिमोच्या घरात नेमकं कुणाचं ऐकलं जात नाही? कारोलीनाचं! तिला काउंटशी लग्न करायचं नाही, हे सांगायला ती धडपडते आणि कुणाला ऐकायला सवड नाही. बापाच्या डोक्यात सरदारकी, बहिणीच्या डोक्यात मत्सर, आत्याच्या डोक्यात स्वतःचं लग्न. कमी ऐकू येणारा एक, पण न ऐकणारं सगळं घर.

मग आम्ही "आँ? आँ?" काढून टाकलं. आमचा जेरोनिमो सरळ उभा राहतो, हातात वही, हिशेब करतो. मुलगी म्हणते, "बाबा, मला बोलायचंय." तो म्हणतो, "हं हं, पुढच्या महिन्यात बघू." काउंट पलीकडच्या कोपऱ्यातून हळूच म्हणतो, "पन्नास हजार कमी," आणि शेठ टुणकन वळतो! एवढ्या लांबचं बरोबर ऐकू येतं. प्रयोगात सगळ्यात मोठा हशा इथंच पिकला. हुंड्याची घासाघीस आमच्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली नाही. १९६१ पासून कायद्यानं बंदी आहे, पण तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पुढच्या रांगेतल्या काही मंडळींचं हसू मधेच थांबलं, तेही मी पाहिलं.

ती मुलगी तालमीला परत आली. काम मात्र तिला नको होतं. तिनं वेगळंच काम मागून घेतलं. ती हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची आणि कुणाचा शब्द पोचला नाही, की हात वर करायची. ती ओठ वाचते, त्यामुळे ओठ नीट हलले नाहीत, तोंड भलतीकडे वळलं, की लगेच हात वर. अशी कडक परीक्षक मी पाहिली नाही. पंधरा दिवसांत पोरांचे उच्चार सुधारले, ते माझ्या सांगण्यानं नव्हे.

सगळे एकदम गातात तेव्हा

पहिल्या अंकाच्या शेवटी सगळी पात्रं एकदम बोलू लागतात, जो तो आपलं सांगतो आणि शेठला काही कळत नाही. हे आम्ही कसं बसवलं, ते इतर शाळांना उपयोगी पडेल म्हणून क्रमानं देते.

१. प्रत्येकाला एकच छोटी ओळ दिली. ती ओळ एकट्यानं, टाळावर, पाठ होईपर्यंत म्हणून घेतली.

२. मग जोड्या लावल्या. दोघांनी आपापली ओळ एकदम म्हणायची, दुसऱ्याची ऐकून डगमगायचं नाही.

३. नंतर एकेकाची भर घातली. पाओलीनो सुरू करतो, चार टाळांनंतर कारोलीना, मग एलिझेत्ता, मग फिदाल्मा, मग काउंट. शेठ सगळ्यांत शेवटी.

४. सहा जण गात असले तरी एका वेळी एकाचाच आवाज वर, बाकीचे खाली. हा नियम पाळला नाही तर गोंगाट होतो. चिमारोझाचं कौशल्य इथंच कळतं. गोंधळ पात्रांचा असतो, संगीताचा नाही.

५. लय हळूहळू वाढवत न्यायची आणि झांजेच्या एका ठोक्यावर सगळ्यांनी एकदम थांबायचं. त्या शांततेत कारोलीना एकच वाक्य बोलते, "माझं कुणी ऐकलं का?"

हे शेवटचं वाक्य मूळ ऑपेरात नाही, ते आमचं आहे. तालमीत या गोंधळाच्या वेळी मागच्या भिंतीवरून सारखा हात वर यायचा. मी विचारलं, "आता कुणाचं ऐकू येत नाही?" ती म्हणाली, "मॅडम, कुणाचंच नाही. पण यांनाही एकमेकांचं येत नाहीये. माझ्यासारखंच आहे." त्यावरून ते वाक्य सुचलं.

बाकी व्यवस्था साधी होती. पेटी, मृदंग, दोन टाळ, एक झांज. दोन साड्यांचे दोन दरवाजे. मूळ खेळ तीन तासांच्या आसपासचा, आमचा पंचवीस मिनिटांचा. पाच प्रवेश ठेवले: गुपित, सरदाराचं पत्र, वधूची ओळख चुकणं, हुंड्याची घासाघीस आणि रात्रीचा गोंधळ. पाओलीनो आणि कारोलीना दोघंही सज्ञान आहेत, हे पहिल्याच प्रवेशात सांगितलं. आपल्या भागात ते सांगणं गरजेचं आहे. खेळ संपल्यावर आजोबांनी 'बहिरा' भारूड सादर केलं. सोंग घेऊन ते प्रेक्षकांत शिरले आणि थेट पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांसमोर उभे राहिले. तेव्हा काय हशा झाला म्हणता!

शेवटी थोडंसं

चूक झाली नसती तर हा खेळ बरा झाला असता, पण मला काही शिकवून गेला नसता. विनोद बसवताना नुसतं 'हसू आलं का' एवढं पाहून चालत नाही. हसणारा कुणाकडे बोट दाखवून हसतोय, तेही पाहावं लागतं. दुबळ्याकडे बोट गेलं की ती टवाळी. आपल्याकडे वळलं की ते भारूड. इटलीच्या चिमारोझानं आणि आपल्या नाथांनी दोन बहिरे उभे केले. पहिल्याला बघून आम्ही हसलो, आणि दुसऱ्यानं आम्हाला विचारलं, तुमचं काय?

स्वाध्याय

१. ऑपेरा, मराठी संगीत नाटक आणि भारूड या तिन्हींतला एक सारखेपणा आणि एक फरक लिहा.

२. 'संशयकल्लोळ' आणि 'गुप्त विवाह' यांचा इंग्रजी नाटकांशी असलेला संबंध तुमच्या शब्दांत सांगा.

३. 'बहिरा' भारुडाचा अर्थ शब्दशः घेतला तर काय चूक होते? पाच-सहा ओळींत लिहा.

४. तुमच्या घरात एखादं बोलणं सगळ्यांनी ऐकूनही कुणी ऐकलं नाही, असा प्रसंग आठवा. त्यावर सहा ओळींचा संवाद लिहा. हसू येऊ द्या, पण बोट कुणाकडे आहे ते तपासा.

५. कृती : पाच जणांचा गट करून वर दिलेल्या पायऱ्यांनी एक समूहगान बसवा. सहावा विद्यार्थी मागच्या भिंतीला उभा करायला विसरू नका.

तुमच्या शाळेत असा प्रयोग केलात तर जरूर कळवा. पुन्हा भेटू पुढच्या पाठात.